रिकाम्या रानाचे भाडे

हौशी : आफ्रिकेतील खासगी गेम रिझर्व्ह म्हणजे सरकारी अभयारण्य नव्हे. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम कडेला साबी सँड नावाचे सुमारे ६५ हजार हेक्टरांचे रान आहे. ते अनेक जमीनमालकांचे आहे. त्यांनी आपापल्या जमिनी एकत्र राखून १९४८ मध्ये तिथे हे संयुक्त राखीव रान उभे केले. १९९३ मध्ये क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधले कुंपण काढले गेले आणि तेव्हापासून सिंह, हत्ती, बिबटे दोन्हीकडे मोकळे फिरतात. मालामाला, लोंडोलोझी, सिंगिता ही तिथली नावाजलेली लॉज. लोंडोलोझीची जमीन वार्टी कुटुंबाने १९२६ मध्ये शिकारीसाठी घेतली होती. नातवंडांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला आणि रान पाहायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. अशा लॉजात खोल्या मोजक्या असतात. उघड्या जीपच्या बॉनेटवर खुर्ची लावून ट्रॅकर बसतो, मागे रेंजर गाडी चालवतो. एका जनावराजवळ एका वेळी दोन-तीनच गाड्या थांबतात. रस्ता सोडून झुडपात शिरता येते, रात्रीची फेरी करता येते. शेजारच्या क्रूगरमध्ये स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या पर्यटकाला डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यावरून चाक खाली उतरवता येत नाही. भाडे नामांकित लॉजात माणशी एका रात्रीला लाख रुपयांच्या वर जाते. माणसे थोडी आणि पैसा पुष्कळ, हे या धंद्याचे सूत्र. आपल्या बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यालाही ते लागू पडण्यासारखे आहे. बेळगावहून आलेला रस्ता पिरनवाडीला फुटतो. एक फाटा मच्छेवरून खानापूरला आणि पुढे हेम्माडग्याला जातो, दुसरा किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटात उतरतो. दोन्ही वाटा शेवटी पोचतात त्या भीमगडच्या रानात. २०११ मध्ये या रानातील १९०.४२ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले. तिथे पाहुणा येतो आहेच. तो कसा यावा, एवढेच ठरायचे आहे.

शंकेखोर : तुलना पहिल्याच पायरीवर अडखळते. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने, पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरच्या जनावरांवर जमीनमालकाचा हक्क मान्य केला. गेंडा विकता येतो, त्याचा लिलाव होतो, एका रानातून दुसऱ्या रानात तो ट्रकमधून जातो. तिथले निम्म्याच्या आसपास पांढरे गेंडे खासगी मालकीचे आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा दरवाजाच बंद केला. मारला गेलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारजमा होतो. जिवंत गव्यावर तर कुणाचाच सातबारा नसतो. शिवाय जमीन धारणेची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे हजारो हेक्टरांची सलग खासगी मालकी होत नाही. व्याघ्रप्रकल्पांत २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले होते. त्यानंतर आलेल्या नियमांनी गाभ्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनासाठी वापरू नये असे ठरले. तेव्हा इथे ज्याला ‘खासगी जंगल लॉज’ म्हणतात ते प्रत्यक्षात सरकारी रानाच्या बांधाला लागून उभे केलेले हॉटेल असते. रान राखले गार्ड-वॉचरने, जनावर वाढले गावाच्या भातावर, आणि खोलीचे भाडे गेले तिसऱ्याच्या गल्ल्यात. याला मराठीत आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. आफ्रिकेतला मालक निदान जनावराच्या खाण्याचा, राखणीचा आणि मरणाचा खर्च तरी स्वतः सोसतो.

हौशी : कायदा वेगळा आहे हे खरे, पण बांधाला लागून असलेली जमीन ही गौण गोष्ट नाही. अभयारण्य नकाशावर संपते तिथे जनावर थांबत नाही. चोर्ला घाटात गोव्याच्या सीमेवर कॅप्टन नितीन धोंड यांनी वाइल्डरनेस्ट हे रिसॉर्ट उभे केले. सुमारे साडेचारशे एकरांची ती जमीन खाणीच्या वाटेवर होती. तिथली घरे उपऱ्या अकेशियाच्या लाकडाची, समोर वज्र-सकला धबधब्याची दरी, आणि आवारातच म्हादई रिसर्च सेंटर, जिथे साप-बेडकांचा अभ्यास चालतो. ते रिसॉर्ट नसते तर त्या डोंगराचे काय झाले असते, याचे उत्तर गोव्यातल्या खाणींच्या तांबड्या खड्ड्यांत मिळते. सरकारी प्रयोगही जुना आहे. कर्नाटकाने १९८० मध्ये जंगल लॉजेस सुरू केले, काबिनी नदीकाठी म्हैसूरच्या महाराजांच्या शिकारी मुक्कामाच्या जागी. सुरुवातीला नेपाळच्या टायगर टॉप्सची भागीदारी होती, पुढे तो पूर्ण सरकारी उपक्रम झाला. आज दांडेलीपर्यंत त्याची केंद्रे आहेत. आता खानापुराकडे पाहा. २०२० च्या दुरुस्तीने कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावरची बंधने उठली. जांबोटी रस्त्याकडेची जमीन विकली जाणारच आहे. ती गुंठ्या-गुंठ्याने फार्महाऊसला जावी, की कुणीतरी दोनशे एकर सलग घेऊन त्यातल्या पाच एकरांवरच बांधावे आणि बाकी रान म्हणून सोडावे? राखलेले रान आपल्याकडे खासगीच होते हेही विसरू नये. दाजीपूर ही कोल्हापूरच्या छत्रपतींची शिकारीची जागा होती. १९५८ मध्ये ते गव्यांचे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. याच कोल्हापूर दरबाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. म्हणजे आफ्रिका आणि आपले रान यांचा संबंध काही आजच जोडला जात नाही.

शंकेखोर : दाजीपूरचा दाखला हौशी बाजूला वाटतो तितका सोयीचा नाही. ते रान राहिले, कारण त्यात रयतेला मज्जाव होता. आफ्रिकेतही तसेच. क्रूगरचा पूर्वज असलेले साबी गेम रिझर्व्ह १८९८ मध्ये जाहीर झाले. त्याचा पहिला वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन याने तिथल्या त्सोंगा लोकांना बाहेर काढले. लोकांनी त्याला ‘स्कुकुझा’ हे नाव दिले. झाडून साफ करणारा, असा त्याचा भाव. आज क्रूगरमधल्या सर्वांत मोठ्या मुक्कामाचे नाव स्कुकुझाच आहे. पाहुणे तिथे चहा घेतात. पुढे १९१३ च्या जमीन कायद्याने देशाच्या जवळजवळ ७ टक्के जमिनीपुरतीच काळ्या बहुसंख्याकांची मालकी उरली आणि बाकीच्या जमिनीत गोऱ्यांची शेते, शिकारीची राने, आणि कालांतराने लॉज उभी राहिली. तेव्हा सकाळच्या फेरीत पाहुण्याला दिसणारे ते माणूसविरहित गवत निसर्गाने तसे ठेवलेले नसते, ते झाडून घेतलेले असते. लॉज सिंह विकत नाही. सिंह प्राणिसंग्रहालयातही शंभर रुपयांत दिसतो; भुतरामहट्टीला जाऊन बेळगावची मुले वाघ-सिंह बघून येतात. लाख रुपये मोजले जातात ते आसपास दुसरे माणूस नसण्याचे. आणि माणूस नसण्याची किंमत भीमगडात नुकतीच ठरली आहे. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना रानातून बाहेर पडण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात झाली : कुटुंबामागे १५ लाख, तेही हप्त्यांनी. हिशेब सोपा आहे. साबी सँडमधल्या दराने एका जोडप्याने एक आठवडा काढला तर १४ लाख होतात. पाहुण्याचा एक आठवडा आणि एका घराचे कायमचे जाणे, यांचा भाव जवळजवळ एकच.

हौशी : हिशेब झोंबणारा आहे, पण तो अर्धाच आहे. तळेवाडीला लॉजसाठी उठवलेले नाही, आणि तिथले लोक रान सोडून जायला तयार का झाले हे त्यांना विचारल्याशिवाय ‘झाडून घेतले’ हा शब्द वापरता येत नाही. भीमगडच्या पोटात गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूर, आमगाव अशी गावे आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की कित्येक दिवस वाट नसते. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावातल्या एका आजारी बाईला लाकडाच्या डोलीवर निजवून माणसांनी किलोमीटरच्या किलोमीटर चालत गाडीरस्त्यापर्यंत आणले. अभयारण्य आहे म्हणून पक्का रस्ता नाही, तारांवरची वीज नाही, पूल नाही. लांब शहरात बसून ‘गाव रानातच राहावे’ म्हणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. आता आफ्रिकेचे दुसरे उदाहरण घ्यावे. क्रूगरच्या उत्तर टोकाला पाफुरी आहे. १९६९ मध्ये तिथल्या माकुलेके लोकांना बंदुकीच्या धाकाने हुसकावले, स्वतःची घरे स्वतःच पेटवायला लावली. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. पण ते परत राहायला गेले नाहीत. त्यांनी ती जमीन राष्ट्रीय उद्यानाचाच भाग म्हणून ठेवली आणि तिथे लॉजना जागा भाड्याने दिली. मालामालाचेही तसेच : २०१३ मध्ये सरकारने एक अब्ज रँडच्या आसपास रक्कम मोजून ती जमीन विकत घेतली आणि मूळ लोकांच्या स्वाधीन केली, लॉज चालूच राहिले, मात्र आता जमीन मूळच्यांची. ज्यांना हाकलले त्यांनीच पुढे रिकामे रान राखणे पसंत केले, ही गोष्ट शंकेखोराच्या मांडणीत बसत नाही.

शंकेखोर : ती बसते, फक्त क्रम पाहावा लागतो. माकुलेके लोकांना आधी मालकी मिळाली आणि मग निवड करता आली. ‘आम्ही राहणार नाही, पण जमीन आमची’ हे वाक्य मालकालाच उच्चारता येते. तळेवाडीला निवड आधी करावी लागली आणि मालकीचा प्रश्न धनादेशाबरोबर मिटला. जो पैसे घेऊन उठला तो उद्या त्या जागेवर होणाऱ्या कमाईचा भागीदार राहत नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे रानात राहणाऱ्यांचे हक्क आधी नोंदवायचे, ग्रामसभेची संमती घ्यायची, आणि मगच पुनर्वसनाची भाषा करायची. पण खानापूरच्या रानातले बहुतेक लोक अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात. त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे २००५ पूर्वीच्या ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. कुमरी म्हणजे फिरती शेती ब्रिटिशांनी बंद केली तेव्हा ज्या आजोबा-पणजोबांची नावे कागदावरून गेली, त्यांचा पुरावा नातवाने कुठून काढायचा? कागद जरी आला तरी तो कन्नडमध्ये येतो आणि ग्रामसभा मराठीत बोलते. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. मग गावाने बांबू स्वतः विकला, भाव स्वतः ठरवला. तिथे उद्या कुणी लॉज काढायला आला तर त्याला ग्रामसभेपुढे पाय दुमडून बसावे लागेल. भीमगडात तो कुणापुढे बसणार?

आतापर्यंत वाद जमिनीच्या मालकीभोवती फिरला. दोघांकडूनही एक गोष्ट सुटून राहिली होती : रानात राहणाऱ्याचे आणि जनावराचे रोजचे नाते. हौशी माणूस तिकडे वळतो ते आपली बाजू तिथे भक्कम आहे असे वाटते म्हणून. शंकेखोरालाही तिथेच आपले सर्वांत कठीण प्रश्न सापडतात.

हौशी : मालकी उद्या ठरेल, जनावर आज दारात आहे. दांडेलीकडचे हत्ती कापणीच्या हंगामात खानापूरच्या भातात उतरतात. गवे उसात शिरतात, अस्वलाच्या हल्ल्यात माणसे जखमी होतात. शेतकरी मचाणावर बसून डबे बडवतो, फटाके लावतो, थंडीत रात्रभर राखण करतो. नुकसानभरपाई मिळते ती पंचनामा, अर्ज, फेऱ्या असे करत, आणि राखणीच्या रात्रींचा मोबदला कुठल्याच तक्त्यात नसतो. अशा माणसाच्या लेखी वाघ म्हणजे काय, हे जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला दिसले. गुरे मारली म्हणून विष घातले गेले आणि वाघीण व तिची पिल्ले असे चार वाघ मेले. ज्या जनावराचा गावाला फक्त तोटा आहे ते जनावर गावाचे वैरीच होणार. केनियात मसाई मारा राखीव क्षेत्राच्या भोवतीच्या जमिनी मसाई कुटुंबांच्या नावावर झाल्या तेव्हा लॉजवाल्यांनी त्या सलग भाड्याने घेतल्या. त्यातून ओलारे ओरोक, नाबोइशो अशा कॉन्झर्व्हन्सी २००६ पासून पुढच्या वर्षांत उभ्या राहिल्या. सिंह दिसो न दिसो, जमीनमालक मसाईला दर महिन्याला ठरलेले भाडे मिळते. बदल्यात तो कुंपण घालत नाही, गुरे ठरलेल्या वेळीच चारतो. जांबोटीचा शेतकरी गव्यांसाठी शेताची कड पडीक सोडेल आणि त्याबद्दल त्याला एकरी भाडे मिळेल, अशी व्यवस्था भारताच्या कायद्यात कुठेही अडत नाही. जनावर सरकारचे राहील, जमीन शेतकऱ्याची राहील, आणि पाहुण्याच्या लाखातला काही भाग रातची राखण बंद होण्यावर खर्च होईल. श्रीमंतांची चैन एखाद्या गरिबाची झोप परत आणत असेल तर चैनीवर नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

शंकेखोर : हा मुद्दा खरोखर वजनाचा आहे, भाड्याची ही कल्पना चांगली आहे. पण भाडे देणारा गिऱ्हाईकावर अवलंबून असतो आणि गिऱ्हाईक विमानाने येते. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने विमाने थांबवली तेव्हा मसाई माराच्या लॉजमधल्या खोल्या ओस पडल्या. कित्येक ठिकाणी भाडी कमी झाली, थकली. शेतकऱ्याने तोवर कुंपण काढलेले, गुरे कमी केलेली. सिंह मात्र सुट्टीवर गेला नाही. जो रात्रभर राखण करतो त्याच्याकडे वाईट का होईना, पण स्वतःच्या हातातला उपाय असतो. भाड्यावर गेलेल्याकडे तोही राहत नाही. दुसरी गोष्ट ट्रॅकरची. साबी सँडच्या जीपमध्ये सर्वांच्या पुढे, बॉनेटवरच्या खुर्चीत बसतो तो बहुधा त्सोंगा माणूस असतो. बिबट्याचा ठसा ओल्या मातीतून तोच वाचतो, पाहुण्याला ‘तिकडे बघा’ तोच सांगतो. रेनिअस म्लोंगो यांच्यासारखे ट्रॅकर जगभर नावाजले गेले, त्यांनी माग काढण्याची शाळाही काढली, हे खरे. पण या धंद्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांत पुढच्या खुर्चीतला माणूस मागच्या खुर्चीवर कितीदा बसला? साबी सँडची क्रूगरकडची बाजू मोकळी आहे. पश्चिमेकडे, जिथे बुशबकरिजची दाट, गरीब वस्ती आहे, तिथे कुंपण उभेच आहे. कुंपण हत्तीला गावाबाहेर ठेवते असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. ते माणसालाही बाहेर ठेवते, हे वाक्य मात्र माहितीपत्रकात येत नाही. खानापुरात असे झाले तर रानाची पायवाट न पायवाट माहीत असलेला, मधाची पोळी कुठल्या कड्याला लागतात हे सांगणारा गवळी-धनगर गणवेश घालून जीपच्या पुढे बसेल, आणि पिरनवाडी-उद्यमबागच्या फाउंड्रीत जाणारा त्याचा भाऊ त्याला ‘बरी नोकरी लागली’ म्हणेल. दोघेही मजूरच राहतील.

हौशी : नोकरी लागणे ही लाज नाही. उद्यमबागेतली भट्टी मंदीत थंड होते तेव्हाही लोक घरी बसतात. म्हणून कुणी कारखाने नकोत म्हणत नाही. एका धंद्यावर सगळे अवलंबून ठेवू नये, एवढाच त्याचा धडा. आणि मोठ्या भाड्याच्या लॉजला नकार दिला म्हणजे रान मोकळे राहते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी पिरनवाडीच्या फाट्यावर उभे राहिले की दुसरा पर्याय दिसतो. गोव्याकडे आणि धबधब्यांकडे जाणाऱ्या मोटारींची रांग, उघड्या डिक्कीतून गाणी, कुसमळीच्या पुलाजवळ बाटल्या, कणकुंबीच्या पुढे वेफर्सच्या पुड्या. ही स्वस्त सफर गावाला काय देते? चहा, मक्याचे कणीस आणि कचरा. बोत्स्वानाने धोरण म्हणूनच ‘थोडे पाहुणे, मोठे शुल्क’ हा मार्ग घेतला, कारण हजार माणसांच्या पावलांपेक्षा दहा माणसांचे पैसे रानाला कमी जड जातात. कणकुंबीजवळ कळसा नाल्याच्या कालव्यासाठी डोंगर खोदला गेला तेव्हा त्या रानात आर्थिक हितसंबंध असलेला वजनदार माणूस कुणीच नव्हता. रान टिकण्यासाठी कधीकधी त्याला श्रीमंत शेजारी असावा लागतो.

शंकेखोर : श्रीमंत शेजारी वाईट नाही; पण शेजारी आणि राखणदार यांत फरक आहे. शेजाऱ्याला पाणी लागते. म्हादई नदीच्या उगमाच्या या पट्ट्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात वस्त्यांच्या विहिरी तळाला जातात. प्रत्येक खोलीपुढे पोहण्याचे कुंड असेल तर ते कुठल्या ओढ्याने भरायचे? त्याहून मोठी अडचण खुद्द रानाची आहे. साबी सँड हे विरळ झाडांचे, गवताचे रान. शंभर-दोनशे मीटरवरचा सिंह दिसतो, त्याच्यामागे गाडी नेता येते. भीमगड सदाहरित आणि निमसदाहरित रान आहे. दहा पावलांपलीकडचा गवा दिसत नाही, फक्त फांद्या मोडल्याचा आवाज येतो. जूनपासून पाच महिने धुके, जळवा आणि पाऊस. वाघ आहे, पण त्याचा ठसा दिसणे हीच इथली मोठी घटना. ताडोब्यात सफारी करून आलेला माणूस इथे पहिला प्रश्न विचारेल : सायटिंग काय होते? त्याला दाखवायचे काय? काहीच दाखवता येत नसेल तर लाख रुपये कशाचे घ्यायचे? मग कुंड, मसाज, वाईन आणि दरीकडे तोंड करून ठेवलेले आंघोळीचे टब उरतात. रान फक्त मागचा पडदा होते, आणि पडद्याला कुणी जपत नाही. तसला पडदा चोर्ल्याऐवजी लोणावळ्यालाही मिळतो.

हौशी : इथे तुमचे म्हणणे मान्य करण्यासारखे आहे, आणि त्यामुळेच कल्पना बदलावी लागते, सोडावी लागत नाही. भीमगडात सिंहाऐवजी बेडूक आहेत. पहिल्या पावसानंतरच्या रात्री कंदील झाकून ओढ्याकाठी दोन तास बसले तर उडत्या बेडकाच्या फेसाळ घरट्यांपासून काजव्यांनी लखलखणाऱ्या झाडापर्यंत जे दिसते, ते साबी सँडमध्ये कुणाला दिसत नाही. जांबोटीजवळच्या बारापेडे गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ १९१३ मध्ये विज्ञानाला कळले आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे जगात दुसरीकडे कुठेच सापडले नाही. नंतर कंबोडियात आणि मेघालयात त्याची नोंद झाली. अशा गोष्टींसाठी दूरवरून येणारा, सात दिवस एकाच जागी राहणारा, रोज चार तास चालणारा पाहुणा जगात आहे. तो थोडा आहे, हेच त्याचे मोल. वनखात्याचा हेम्माडग्याचा नेचर कॅम्प साधा आहे. त्याच्या आणि साबी सँडच्या मधली एक पायरी असू शकते. दहा खोल्या, कुंड नाही, पावसाळ्यातही चालू.

शंकेखोर : आणि त्या पाहुण्याला बारापेडेत नेणार?

हौशी : नाही. तिथे नेता कामा नये. विजेरीचा झोत आणि माणसांचा वावर वटवाघळांना सोसत नाही. ते तिथे आहे, एवढे सांगायचे.

शंकेखोर : मग हौशी बाजूने एक मोठी गोष्ट कबूल केली आहे : काही ठिकाणी पैसे देऊनही जाता येणार नाही. श्रीमंताच्या पैशाला रानात हद्द घालता येते, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ती हद्द कोण घालणार? लॉजवाल्याने स्वतःहून घातली तर तो त्याचा चांगुलपणा. मालक बदलला की चांगुलपणाही विकला जातो. वनखात्याने घातली तर तेच खाते उद्या महसुलासाठी ती मागे सरकवू शकते. उरते ग्रामसभा. पण तळेवाडी उठल्यावर ग्रामसभाच रानाबाहेर गेली. माकुलेके लोकांनी जमीन परत मिळाल्यावरही पाफुरीत घरे बांधली नाहीत, पण जमीन त्यांचीच असल्यामुळे पूर्वजांच्या जागी जायला त्यांना लॉजवाल्याची परवानगी मागावी लागत नाही. इथे उठलेल्या वस्तीचे देऊळ रानातच राहते. वर्षातून एकदा नारळ घेऊन जायचे असेल तर वाटेत चेकनाका आहे.

हौशी : तेवढा हक्क कराराच्या पहिल्या कलमात लिहिता येईल. जत्रेच्या दिवशी वाट खुली, लॉज बंद.

शंकेखोर : डिसेंबर-जानेवारीत, भर हंगामात, खोल्या वर्षभर आधी भरलेल्या असताना?

हौशी : हो. तीन दिवस लागले तर तीन दिवस. पाहुण्याला नोंदणी करतानाच सांगायचे.

शंकेखोर : मग करारावर सही कुणाची लागते हे आधी ठरवावे लागेल. कणकुंबीच्या माऊलीपुढे घातलेले गाऱ्हाणे पाळले जाते, कारण ते सगळ्या गावासमोर घातलेले असते. इथे एका बाजूला कंपनी आहे, दुसऱ्या बाजूला वनखाते. ज्यांच्या जत्रेसाठी लॉज बंद ठेवायचे, त्यातली २७ घरे आता वेगवेगळ्या गावांत विखुरत आहेत. त्यांची एकत्र बसून सही करण्याची जागा कुठली, हे या करारात अजून लिहिलेले नाही.